मृतांचं सोनं, जिवंतांचा न्याय

१८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांत, मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक पडका स्तूप मजुरांकडून उकरून घेतला. जमिनीच्या पातळीपर्यंत खणल्यावर मध्यभागी पोकळ असलेला एक गोल दगड लागला. त्याच्यावर जिप्समचं झाकण होतं आणि आत तांब्याच्या दोन लहान कुप्या होत्या. एकीत राख होती, आणि त्या राखेत एक माणिक, एक मोती, सोन्याचे बारीक तुकडे आणि कापडाचा तुकडा जपून ठेवलेली सोन्याची डबी. दुसरीत चांदीची डबी आणि पुन्हा राख. सोबत कोरलेले ताम्रपट होते. त्यांतल्या एकावर त्रैकूटक राजवटीचं २४५ वं वर्ष, म्हणजे इसवी सन ४९४-९५, नोंदलेलं आहे. सिंधू प्रदेशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या उपासकाने हे चैत्य उभारल्याचा उल्लेख त्यात आहे. बर्ड यांनी या शोधाचा वृत्तांत छापला आणि विद्वानांच्या जगात त्याची दखल घेतली गेली.

पुढे शतकभराने, त्याच साष्टी बेटावर, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘स्मशानातील सोनं’ ही कथा लिहिली. तिच्यातला भीमा वारणाकाठचा. पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो आणि दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग तो चितेच्या राखेत आणि पुढे ताज्या पुरलेल्या प्रेतांच्या अंगावर सोनं शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत उकरलेल्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. तो ती कायमची गमावतो, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्यानंतर त्याच्या कानी येते.

बर्ड आणि भीमा या दोघांनी मृताच्या अवशेषांतून सोनं काढलं. एकाला आपण संशोधक म्हणतो, दुसऱ्याला चोर. हा फरक कधी योग्यही असेल, पण तो कशावर उभा आहे हे आपण क्वचितच तपासतो. मृतांजवळच्या मौल्यवान वस्तू घेण्याबाबत कायदा काय सांगतो, रूढी काय सांगते, विज्ञान आणि बाजार काय करतात, आणि या सगळ्यांना एकच माप लावता येईल का, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. आपण आजवर सोनं कोणी काढलं, हे पाहून न्याय केला आहे. ते कोणाच्या संमतीने, किती उघडपणे आणि कोणासाठी काढलं, हे पाहून न्याय करायला हवा.

कायद्याचं जाळं आणि त्यातली भोकं

सामान्य समजूत अशी की प्रेतावरचा दागिना घेणं म्हणजे चोरी. कायद्याच्या दृष्टीने गोष्ट इतकी सरळ नाही. चोरीच्या व्याख्येत वस्तू ‘कोणाच्या तरी ताब्यातून’ हलवावी लागते. मेलेल्या माणसाचा ताबा मृत्यूबरोबर संपतो, आणि वारसाचा ताबा अजून सुरू झालेला नसतो. या मधल्या पोकळीसाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०४ ठेवलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१५ झालं आहे. मृत्यूच्या वेळी माणसाजवळ असलेली आणि त्यानंतर हक्कदाराच्या हाती न आलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे लाटली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. लाटणारा मृताचा कारकून किंवा नोकर असेल, तर कैद सात वर्षांपर्यंत जाते. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच हात मारला तर गुन्हा अधिक गंभीर, ही या कलमामागची जाणीव मला मोलाची वाटते.

पण नातेवाइकांनी स्वतःच्या हाताने शवपेटीत ठेवलेली अंगठी या कलमात चपखल बसत नाही, कारण ती आधी हक्कदारांच्या हातात आलेली होती. तिथे साधी चोरी किंवा अपहार लावावा लागतो, आणि मग अंगठी अजून कोणाची तरी आहे का, हा प्रश्न उभा राहतो. इंग्लंडमधल्या न्यायालयाने त्याचं उत्तर १६१४ साली दिलं होतं. विल्यम हेन्स नावाच्या माणसाने लेस्टरमध्ये तीन पुरुष आणि एका स्त्रीची थडगी उकरून त्यांची कफनं चोरली आणि प्रेतं पुन्हा पुरली. प्रेताला मालकी असू शकत नाही, म्हणून कफन मृताचं नाही. पण ते टाकून दिलेलंही नाही. ज्याने ते गुंडाळलं त्याचीच मालकी कायम राहते, असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि हेन्स दोषी ठरला. मृताला दिलेली वस्तू बेवारस होत नाही, हे तत्त्व आजही या चर्चेचा पाया आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही कफनचोराबद्दल असाच खोल वाद झाला. इमाम अबू हनीफा यांच्या मते कबर ही राखलेली जागा नाही, म्हणून कफनचोराला चोरीची ठरलेली शिक्षा लागत नाही, शासनाने दुसरी शिक्षा द्यावी. मालिक, शाफई आणि अहमद बिन हंबल यांच्या परंपरा कबरीला राखलेली जागा मानतात आणि कफनचोराला चोरच ठरवतात.

दुसरं कलम जागेच्या पावित्र्याचं. पूर्वीचं कलम २९७, आताचं ३०१. भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावल्या जातील हे ठाऊक असताना, दफनभूमीत किंवा अंत्यविधीच्या जागी अतिक्रमण केलं किंवा प्रेताची विटंबना केली, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘मला फक्त सोनं हवं होतं, कोणाचा अपमान करायचा नव्हता’ हा बचाव इथे टिकणं अवघड आहे, कारण परिणामाची जाणीव पुरेशी आहे. तरी एक गोष्ट खटकते. हे कलम जिवंतांच्या भावना जपतं आणि आधीचं कलम वारसांची मालमत्ता जपतं. खुद्द मृत माणूस या दोन्हींच्या मध्ये निसटतो.

ती उणीव न्यायालयांनी हळूहळू भरून काढली. पंडित परमानंद कटारा यांच्या १९९५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातली प्रतिष्ठा मृतदेहापर्यंत पोहोचते असं म्हटलं. २००२ साली आश्रय अधिकार अभियानाच्या याचिकेवर बेघर मृतांच्या सन्मानाने होणाऱ्या अंत्यविधीचा हक्क मान्य झाला. २०२० च्या मे महिन्यात वांद्र्याच्या कबरस्तानात कोविडने मेलेल्यांचं दफन थांबवा, अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयात झाली. न्यायालयाने ती फेटाळली आणि सन्मानाने दफन होणं हा जगण्याच्याच हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. मालमत्ता आणि भावना यांच्यापलीकडे मृताची स्वतःची प्रतिष्ठा आता कायद्यात उभी आहे, पण दागिन्यांच्या व्यवहारापर्यंत ती अजून पोहोचलेली नाही.

तिसरा कायदा जमिनीखालच्या धनाचा, १८७८ चा गुप्तधन अधिनियम. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचं काहीही जमिनीत लपलेलं सापडलं, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. मरोळच्या किंवा एकसरच्या गावठाणात पाया खणताना दागिने निघाले, तर ही खबर वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी लागेल. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जाहीर सूचना निघते, दावेदारांना चार ते सहा महिन्यांचा अवधी मिळतो. शंभर वर्षांच्या आतला मालक निघाला नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचं. सरकारला ते हवं असल्यास किंमत अधिक एक पंचमांश देऊन घेता येतं. या कायद्याला लुटारूने पुरलेला हंडा आणि आईने लेकराच्या थडग्यात ठेवलेलं कडं यांतला फरक दिसत नाही. दोन्ही ‘धन’च. १४० हून अधिक वर्षं झाली तरी हे तसंच आहे.

राखेतलं सोनं

उपनगरातल्या बहुसंख्य घरांचा या प्रश्नाशी संबंध थडग्यातून येत नाही, चितेतून येतो. मराठी हिंदू घरांत शेवटच्या क्षणी तोंडात तुळशीचं पान, गंगाजल आणि सोन्याचा मणी किंवा कण ठेवण्याची चाल आहे. सवाष्ण गेली तर हिरवा चुडा, कुंकू आणि मंगळसूत्र घालून तिला निरोप देतात. काही घरं अग्नी देण्याआधी मंगळसूत्र काढून लेकीसुनांकडे देतात, काही त्यातला एखादा मणी तिच्यासोबत जाऊ देतात. सोनं जळत नाही. १,०६४ अंश सेल्सिअसला ते वितळतं आणि थेंब होऊन राखेत उरतं. दातातलं सोनं, हाडात बसवलेली धातूची पट्टी, गुडघ्याचा कृत्रिम सांधा हेही मागे राहतं. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना घरचे हाडं वेचतात, बाकीची राख पाण्यात सोडतात किंवा तिथेच ठेवून जातात.

त्या उरलेल्या राखेवर जगणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सराफकट्ट्यावरची धूळ, गटारातला गाळ आणि नदीपात्रातली राख चाळून, धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांना आपण झारेकरी म्हणतो. पाणी खेळवत माती वाहू द्यायची आणि जड कण तळाशी राखायचे, हे त्यांचं कसब. घरच्यांनी सोडून दिलेल्या राखेतून कण काढणारा माणूस मला कोणत्याही अर्थाने चोर वाटत नाही. मात्र अस्थी सावडण्याआधी, घरच्यांच्या नकळत चिता चाळली, तर तो सरळ विश्वासघात आहे. सोन्याचा कण तोच असतो. नातेवाइकांनी आपला हक्क सोडला होता की नव्हता, यावर सगळं ठरतं.

विद्युत आणि गॅसदाहिन्या आल्यावर हा प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. भट्टीतून राख काढणारा घरचा माणूस नसतो, कर्मचारी असतो. घरच्यांच्या हाती येते ती एका मडक्यात भरलेली अस्थी. बाकीच्या राखेत काय होतं आणि त्याचं काय झालं, हे बहुतेक घरं विचारत नाहीत, आणि दुःखाच्या त्या वेळी त्यांनी विचारावं अशी अपेक्षाही योग्य नाही. विचारण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे.

इतर देशांनी इथे वेगवेगळे मार्ग काढले. जर्मनीत हॅम्बुर्गच्या दाहगृहातल्या कर्मचाऱ्यांनी राखेतलं दातांचं सोनं घेतलं. दातातलं सोनंही मृताच्या राखेचाच भाग आहे, म्हणून ते काढणं हा मृताच्या शांततेचा भंग, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. जपानमध्ये घरचे अस्थी वेचून गेल्यावर उरलेल्या राखेतले मौल्यवान धातू अनेक नगरपालिका विकतात आणि पैसा नगरपालिकेच्या खात्यात जमा होतो. तिथे नागरिकांची मतं त्यावर विभागलेली आहेत. नेदरलँड्समध्ये १९९७ पासून एक कंपनी दाहगृहांतले धातूचे सांधे गोळा करून वितळवते. ब्रिटनमध्ये अशा योजनेत घरच्यांची लेखी संमती घेतात आणि आलेली रक्कम धर्मादाय संस्थांना जाते. यांपैकी शेवटचा मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो, कारण त्यात विचारणं आहे, नोंद आहे आणि पैसा कुठे गेला हे सांगणंही आहे.

जागेची टंचाई आणि उघडणारी थडगी

मुंबईत पुरणं आणि कायमचं पुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपनगरातल्या कबरस्तानांत आणि चर्चच्या दफनभूमींत जागा इतकी अपुरी की तीच माती काही वर्षांनी पुन्हा उघडावी लागते. कॅथलिक दफनभूमींत ठरावीक काळानंतर थडगं उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिकूपात ठेवतात. जुहूच्या मुस्लिम कबरस्तानात मधुबाला आणि मोहम्मद रफी यांच्या कबरींवरची बांधकामं २०१० साली काढली गेली आणि माती टाकून नव्या दफनांसाठी जागा केली गेली. चाहते हळहळले. पण इस्लाममध्ये कबर साधी असावी हीच शिकवण आहे, आणि साध्या कफनात पुरलेल्या माणसाजवळ लुटण्यासारखं काही नसतं. ही साधेपणाची रीत थडगेचोरीवरचा सर्वांत जुना आणि पक्का उपाय ठरली आहे.

ख्रिस्ती घरांत मात्र जपमाळ, लग्नाची अंगठी, क्रूस सोबत पुरण्याची पद्धत आहे. थडगं पुन्हा उघडताना यांतली एखादी वस्तू हाती आली तर ती कोणाची? हेन्सच्या खटल्याचं तत्त्व लावलं तर घरच्यांची. म्हणून उघडण्याआधी घरच्यांना कळवणं आणि जे निघालं त्याची वहीत नोंद होणं, हे दोन्ही आवश्यक आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांच्या परवानगीशिवाय पुरलेलं प्रेत उकरता येत नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी उकरायचं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. चौकट आहे, पण ती प्रेताभोवती आहे. प्रेतासोबतच्या वस्तूंविषयी ती गप्प आहे.

अंधेरीच्या सीप्झमध्ये, कारखान्यांच्या गर्दीत, पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या साथीनंतर गाव मरोळकडे सरकलं आणि चर्च ओस पडलं. ईस्ट इंडियन समाज आजही दरवर्षी तिथे जमून प्रार्थना करतो. वस्ती हलली म्हणून पूर्वज बेवारस होत नाहीत, हे तो समाज दरवर्षी कृतीने सांगतो. उद्या तिथे पाया खणला गेला आणि काही निघालं, तर १८७८ च्या कायद्याला हा समाज कसा दिसेल? दावा सिद्ध करणारा कागद हाती नसलेला एक अर्जदार. त्याचं नातं कागदापेक्षा जुनं आहे, पण कायद्यात त्याला जागा नाही.

गुप्तधनाचा शाप

महाराष्ट्रात थडगं किंवा समाधी उकरण्यामागे बरेचदा गुप्तधनाचं वेड असतं. समाध्या, वीरगळ, सतीशिळा, पडकी देवळं यांच्याखाली हंडा असल्याची समजूत खेड्यापाड्यांत आहे. बोरिवलीच्या एकसरला शिलाहारकालीन वीरगळ आहेत. त्यांवर जहाजांतून लढणारे योद्धे कोरलेले आहेत आणि आपल्या किनाऱ्याच्या आरमारी इतिहासाचा तो दुर्मीळ पुरावा आहे. अशी शिळा खजिन्याच्या आशेने कोणी हलवली, तर हाती काहीच येत नाही आणि इतिहासाचं एक पान कायमचं फाटतं. हे वेड माणसांचे जीवही घेतं. १९७२ ते १९७४ दरम्यान परभणी जिल्ह्यातल्या मानवतला झालेल्या हत्यांमागे गुप्तधनाची हाव होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीतून आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांना स्पष्टपणे गुन्हा ठरवलं. सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद त्यात आहे.

मढ्यावरचं कापड

या प्रश्नाचा सर्वांत वेदनादायी भाग जातीचा आहे. गावगाड्यात प्रेतावरचं कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं नेसावीत असा नियम आहे. म्हणजे मृताजवळची वस्तू घेणं हे एका बाजूला पाप, आणि दुसऱ्या बाजूला काही जातींवर लादलेलं कर्तव्य. उत्पन्नाच्या नावाखाली त्यांच्या माथी अपमान मारला गेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. मेलेली गुरं ओढणं, मृतांची वस्त्रं घेणं असले तथाकथित हक्क झुगारून द्या, हे बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला सांगितलं. मृताच्या वस्तूवर हात न टाकण्याचा तो आग्रह स्वाभिमानाचा होता.

अण्णाभाऊंची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. भीमाला त्यांनी निर्दोष ठरवलेलं नाही. त्याची बायको त्याला अडवते, त्याचं कृत्य भयानकच राहतं. पण खाण बंद करणाऱ्याला, रोजगाराविना माणसाला शहराच्या कडेला सोडून देणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही, हे वाचकाच्या लक्षात येतं. भुकेसाठी केलेली थडगेचोरी कायद्याने माफ होत नाही आणि होऊही नये, कारण ज्यांचं थडगं उकरलं जातं तेही बहुधा गरीबच असतात. श्रीमंताच्या थडग्यावर पहारा असतो. मात्र शिक्षा करताना कोणी कोणाला स्मशानापर्यंत ढकललं, हे विचारणं न्यायाचाच भाग आहे.

हीच विषमता सरकारी कायद्यातही आहे. १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमानुसार दावेदार न आलेली प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना शिकवण्यासाठी देता येतात. डॉक्टर घडवण्यासाठी ते गरजेचं होतं. पण दावेदार नसलेलं प्रेत बहुधा स्थलांतरित मजुराचं, भिकाऱ्याचं, फुटपाथवर मेलेल्याचं असतं. उलट १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाने मृत शरीरातून काही घ्यायचं असेल तर काय करावं याची उत्तम रीत घालून दिली. हयातीत दिलेली किंवा जवळच्या नातेवाइकाची संमती, अधिकृत रुग्णालय, लेखी नोंद आणि विक्रीला पूर्ण बंदी. डोळे आणि मूत्रपिंड सोन्याहून मौल्यवान आहेत, आणि मृताकडून ते घेणं आज आपण चोरी मानत नाही, दान मानतो. ज्या रीतीने अवयवांचा प्रश्न सुटला, तीच रीत दागिन्यांना का लावू नये?

विद्या, वस्तुसंग्रहालय आणि बाजार

कान्हेरीच्या ८७ क्रमांकाच्या लेण्यात भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या लहान विटांच्या स्तूपांची रांग आहे. ही त्या विहाराची स्मशानभूमी. डॉ. शोभना गोखले यांनी तिथले लेख वाचून अनेक थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं आणि त्यांच्या साधनेचा दर्जा जगापुढे आणला. मृतांच्या विश्रांतीस्थळाचा अभ्यास करण्याची ही सर्वांत आदराची पद्धत. त्यांच्यापासून काही न घेता, त्यांचं नाव त्यांना परत देणं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला. दगडी पेटीत एकात एक बसणारे करंडक, आत सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ धातुमूर्ती निघाल्या. त्यांनी प्रत्येक वस्तूची बारकाईने नोंद छापली, आणि त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन झाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ दरम्यान इनामगावला उत्खनन केलं. तिथे घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी आईबापांची माया आपल्याला कळली. हे ज्ञान नाकारायचं, असं मी म्हणणार नाही. पण ज्ञानासाठी काढलेलं ज्ञानाकडेच राहिलं पाहिजे, ही त्याची अट.

ती अट मोडली की काय होतं, ते पिपरहव्याच्या रत्नांनी दाखवलं. १८९८ साली विल्यम क्लॅक्स्टन पेपे या जमीनदाराने आजच्या उत्तर प्रदेशातला स्तूप उघडला. बुद्धांच्या शाक्य कुळाशी जोडलेल्या अस्थींबरोबर सुमारे १,८०० रत्नं आणि सोन्याचे तुकडे निघाले. अस्थी सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांच्याकडे गेल्या, बहुतेक रत्नं कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये, आणि काही पेपे कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सोदबीज या लिलावगृहाने ती विक्रीला काढली. पवित्र अवशेषांसोबत ठेवलेली वस्तू त्या अवशेषांचाच भाग आहे, विक्रीचा माल नव्हे, अशी हरकत जगभरच्या बौद्धांनी घेतली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, लिलाव स्थगित झाला, आणि जुलैअखेर विक्रोळीत मुख्यालय असलेल्या गोदरेज इंडस्ट्रीज समूहाने ती रत्नं विकत घेतली आणि ती भारतात परतली. घरवापसीचा आनंद खरा आहे. पण ज्या गोष्टीला किंमत नसावी तिला किंमत मोजली गेली, हेही लक्षात ठेवायला हवं. सांचीचं उदाहरण वेगळं आहे. कनिंगहॅम आणि मेझी यांनी १८५१ मध्ये सांची परिसरातल्या स्तूपांतून काढलेल्या, बुद्धांचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी पुढे लंडनहून परत आल्या, आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात स्थापन झाल्या. तिथे परतफेड मृतांच्या सन्मानासाठी झाली.

एकच माप

या सगळ्यांतून तीन प्रश्न वर येतात. घेणाऱ्याला मृताची, घरच्यांची किंवा त्या समाजाची संमती होती का? घेणं उघड्यावर, नोंदीसह झालं का? आणि वस्तू शेवटी कुठे गेली? बर्ड यांच्याकडे दुसऱ्याचं उत्तर आहे, पहिल्याचं नाही. भीमाकडे पहिल्या दोन्हींचं नाही, आणि तिसऱ्याचं उत्तर त्याच्या लेकराच्या ताटात आहे. झारेकऱ्याकडे पहिल्याचं आहे. लिलावगृहाला तिन्ही प्रश्नांवर निरुत्तर व्हावं लागतं. हे माप लावलं की संशोधक आणि चोर हे शिक्के आपोआप मागे पडतात.

यातून उपनगरात आजपासून करता येण्याजोगी कामं निघतात. रुग्णालयाच्या शवागारात मृतदेह ताब्यात घेताना अंगावरच्या दागिन्यांची यादी आणि छायाचित्र, दोन सह्यांसह, नातेवाइकाच्या हाती दिली पाहिजेत. संशयास्पद मृत्यूत पोलिसांच्या पंचनाम्यात ही नोंद होते. प्रत्येक मृत्यूत व्हावी. बाभईला, अंबोलीला, मुलुंडच्या टाटा कॉलनीत, प्रत्येक स्मशानभूमीत दाखला घेतानाच एक साधा अर्ज असावा. राखेत उरलेला धातू घरी हवा, विसर्जित करायचा, की बेवारस मृतांच्या अंत्यविधीसाठी दान द्यायचा, यांपैकी एकावर खूण. राख चाळणाऱ्यांना हाकलून देऊ नये. या कामाचं कसब त्यांच्याकडे आहे, तर पालिकेने त्यांना नोंदणी, हातमोजे आणि मजुरी द्यावी. थडगं पुन्हा उघडताना घरच्यांना नोटीस आणि सापडलेल्या वस्तूंची वही, हे प्रत्येक दफनभूमीच्या विश्वस्तांना बंधनकारक असावं. आणि १८७८ च्या कायद्यात दफनासोबतच्या वस्तूंसाठी वेगळी तरतूद हवी, ज्यात स्थानिक समाजाला दावेदार म्हणून जागा असेल आणि मानवी अवशेषांची ‘धन’ म्हणून वाटणी होणार नाही.

मेलेला माणूस तक्रार करू शकत नाही, आणि त्याचे घरचे दुःखात असल्यामुळे सहसा करत नाहीत. म्हणून इथे कायद्याने फिर्यादीची वाट पाहू नये. दागिन्यांची वही, सही आणि संमतीचा अर्ज यांना फार खर्च लागत नाही. त्यासाठी महापालिकेने एक परिपत्रक काढावं आणि विधिमंडळाने व संसदेने जुन्या कायद्याकडे एकदा नीट पाहावं. यात फायदा होणार आहे तो मुख्यतः गरीब मृतांचा, ज्यांच्या जाण्याची नोंद एरवी कोणी ठेवत नाही.